दुपारचे तारे

माझा भाऊ रघुवीर लघाटे इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवतो, आणि फक्त सकाळी शिकवतो. कोचिंगच्या धंद्यात नाव होतं ते संध्याकाळच्या बॅचवर. कॉलेजं सुटली की पोरापोरींचे लोंढे येतात आणि ज्याच्या वर्गात खुर्च्या कमी पडतात तो मोठा सर. दादाला ती बॅच कितीदा तरी देऊ केली गेली. दर वेळी त्याने हसून हात जोडले. मालक म्हणायचे, "लघाटे सर, पढ़ाते तो आप हीरे जैसा हो, पर हो आलसी." दादा तेही ऐकून घ्यायचा. खरं कारण त्याने तिथे कधी सांगितलं नाही. दिवस मावळला की माझ्या भावाला दिसत नाही.

हे जन्मापासूनचं. दिवसा चष्मा लावून तो सुईत दोरा ओवेल, पण उजेड गेला की त्याच्यापुढे नुसती काळी भिंत. लहानपणी अण्णांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, "डोळ्यात उजेडात काम करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि अंधारात काम करणाऱ्या वेगळ्या. याच्या अंधारातल्या पेशी जन्मापासून झोपलेल्या आहेत. हे वाढणार नाही, आणि जाणारही नाही." आईने तरी वर्षानुवर्षं गाजराचा हलवा करून पाहिला. तो हलवा मीच जास्त खाल्ला.

मी त्याची धाकटी बहीण, देवयानी. आमच्या इंदूरच्या लालबागच्या मेळ्यातून परतताना अंधार पडला की दादा काही न बोलता माझा हात धरायचा आणि मी पुढे चालायचे. लोकांना वाटायचं, मोठा भाऊ बहिणीला किती जपतो! चंद्र त्याला दिसायचा, रस्त्यावरचे दिवे दिसायचे, पण दोन दिव्यांच्या मधला रस्ता दिसायचा नाही.

एकदा आमच्या मोहल्ल्याची लाइट गेली होती. सगळे गच्चीवर जमले आणि अण्णा बोट दाखवून एकेक तारा सांगू लागले. दादा आमच्यासारखीच मान वर करून "हो, दिसला, दिसला" म्हणत होता. खाली आल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "देवू, किती असतात गं ते?"

"खूप."

"खूप मतलब? मुंग्यांसारखे?"

मी विचार करून म्हटलं, "मोहरी सांडली तर कशी दिसेल, तसे." त्यानंतर त्याने तो विषय काढलाच नाही.

आता दादाचं वय पन्नाशीच्या पुढे गेलंय. कमलवहिनी आणि तो, दोघंच घरी. मुलगा विक्रम नोकरीला हैदराबादला गेला तेव्हा कपडे घेऊन गेला आणि त्याचा भला मोठा काळा गेमिंग कंप्युटर मागे ठेवून गेला. वहिनींनी त्यावर कशिदा काढलेलं कव्हर घातलं, दादाने काही दिवस त्यावर वर्गाच्या नोट्स टाइप केल्या, आणि मग एका दुपारी त्याला आत ट्रक चालवायचा गेम सापडला.

माझ्या भावाने उभ्या जन्मात वाहन चालवलं नाही. अण्णांची सक्त मनाई होती. रस्त्यात दिवस कलला तर काय करशील, म्हणायचे. त्यामुळे तो ट्रक म्हणजे त्याचं पहिलं वाहन. सकाळचा वर्ग, मग जेवण, मग वामकुक्षी सोडून ट्रक. परक्या देशातले लांबलचक हायवे, दोन्ही बाजूंना शेतं, डोंगर, पूल. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना इंडिकेटर देणारा असा ड्रायव्हर इंदुरात दुसरा नसेल. मात्र गेममध्ये सूर्य खाली जायला लागला की तो ट्रक विसाव्याच्या जागी लावायचा, ड्रायव्हरला झोपवायचा आणि सकाळ झाली की पुढे निघायचा.

"अरे, गेममध्ये पण?" मी एकदा विचारलं.

"सवय," तो म्हणाला.

यंदा गणपती होऊन गेल्यावर त्या कंप्युटरचं बिनसलं. आधी पडद्यावर हिरवे चौकोन दिसायला लागले, मग आडव्या रेघा. आतून पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायचा. एक दिवस ट्रक पुलाच्या मधोमध असताना पडदा काळा झाला तो झालाच. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितलं, "ग्राफिक्स कार्ड गया, अंकल. बाकी सब बढ़िया है." म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग.

विक्रम फोनवर म्हणाला, "बाबा, ते कार्ड तसंही म्हातारं झालं होतं. मी दिवाळीत येतो ना, तेव्हा नवीन टाकू."

दादा "बरं" म्हणाला. पण दोन-चार दिवसांनी वहिनींचा मला फोन आला. "देवूताई, जरा येऊन जा. हे रोज दुपारी त्या बंद डब्यासमोर खुर्ची घेऊन बसतात. बोलत काही नाहीत."

मी गेले तेव्हा दादा खरंच तसा बसला होता. मला बघून म्हणाला, "विक्रम चार दिवसांसाठी येणार. त्यातही त्याने स्क्रू पिळायला पेचकस घेऊन जमिनीवर बसायचं का? आपण करू या."

"आपण? दादा, मी बँकेत काम करते. मिक्सरचं झाकण अडकलं तरी शेजाऱ्यांना हाक मारते."

"मी गणिताचा माणूस आहे. तू धरशील, मी लावीन."

आम्ही आरएनटी मार्गावरच्या कंप्युटरवाल्यांकडे गेलो. काउंटरवरच्या तरुणाने प्रेमाने विचारलं, "अंकलजी, बच्चे के लिए चाहिए? कौन सा गेम खेलता है?"

"मैं खेलता हूँ," दादा म्हणाला. "ट्रक चलाता हूँ."

तो तरुण आधी हसला, मग दादाचा चेहरा बघून एकदम आदराने सरसावून बसला. "तो भिया, पहले ये बताओ, कैबिनेट में जगह कितनी है? और पावर सप्लाई कितने की है?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नवी कार्डं लांब असतात, जुन्या डब्यात मावत नाहीत, आणि त्यांना वीजही जास्त लागते, हे आम्हाला कुठे माहीत? त्या दिवशी रिकाम्या हाताने परत आलो. दादाने टेप घेऊन डब्याचं आतलं माप काढलं, पावर सप्लायवरचा आकडा टिपला. दुसऱ्या दिवशी कार्डही आलं आणि जास्त ताकदीचा नवा पावर सप्लायही आला. कार्डाचा खोका मी मांडीवर घेऊन ऑटोत बसले होते. लोखंडी तव्याएवढा जड होता.

डब्याच्या आत कायम अंधार असतो, आणि अंधारात दादाचा काही उपयोग नाही. म्हणून आम्ही तो अख्खा कंप्युटर उचलून गॅलरीत नेला. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. वहिनींनी खाली जुनी सतरंजी घातली. दादाने बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि आत ऊन पडलं तसा तो नुसता बघत राहिला.

"देवू, हे बघ. विमानातून गाव दिसतं ना, तसं आहे."

खरंच तसं होतं. हिरव्या जमिनीवर सोनेरी रस्ते, चौकोनी इमारती, गोल टाक्या. वर धुळीचा जाड थर. वहिनींनी रंगाच्या ब्रशने धूळ झाडली. दादाने आधी डब्याच्या लोखंडाला हात लावला, कारण अंगातल्या विजेने नाजूक भाग जळतात असं विक्रमने बजावलं होतं. मग स्क्रू काढले, कार्डाच्या टोकाची छोटी कडी दाबली आणि जुनं कार्ड अलगद वर उचललं. पावर सप्लाय बदलायला मात्र आमचा घाम निघाला. इतक्या वायरी, आणि प्रत्येकीचं तोंड वेगळं! दादा एकेक वायर मला हातात धरायला लावायचा आणि कुठली कुठे जाते ते मोठ्याने म्हणायचा, जसं वर्गात गणित सोडवताना म्हणतो.

नवं कार्ड खोक्यातून काढल्यावर त्याने ते लगेच बसवलं नाही. दोन्ही हातांत धरून उन्हात फिरवून बघितलं. विक्रम तेव्हा व्हिडिओ कॉलवर होता.

"बाबा, त्याच्या मधोमध जी चिप आहे ना, नखाएवढी, तिच्यात अब्जावधी स्विच आहेत."

"ते करतात काय पण?"

"तुमचंच काम. मॅट्रिक्स, व्हेक्टर. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका घेऊन विचारतात, याच्यावर उजेड कुठून पडतो, किती कोनातून पडतो. डॉट प्रॉडक्ट. सेकंदाला साठ-साठ वेळा सगळ्या ठिपक्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून."

दादाचा हात थांबला. त्याचा सगळा जन्म डॉट प्रॉडक्ट शिकवण्यात गेलाय. दर वर्षी कोणीतरी पोर उठून विचारतं, "सर, ये काम कहाँ आता है?" आणि दर वर्षी दादा म्हणतो, "परीक्षा में." आता तो त्या काळ्या तव्याकडे असा बघत होता, जसा एखादा माणूस परगावी गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याला अचानक मोठ्या हुद्द्यावर बसलेला बघतो.

"म्हणजे उजेड हा यांचा हिशेब आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

कार्ड खाचेत दाबलं तसा 'खट्' असा गोड आवाज झाला. स्क्रू घट्ट केले, वीज जोडली, सगळं परत खोलीत नेलं. दादाने बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळा दिवा लागला, आणि पडदा काळाच.

आम्ही पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळाच. दादाच्या कपाळावर घाम आला. मला तर वाटलं, आपल्या हातून काहीतरी जळलं. विक्रमही मीटिंगमध्ये अडकला होता, फोन उचलेना. तेवढ्यात वहिनी मागून वाकून म्हणाल्या, "अहो, पडद्याची वायर आधी खालच्या भोकात होती ना? मी रोज पुसते तिथे. आता वरच्या भोकात कशी गेली?"

नवं कार्ड खाली बसलेलं, आणि आम्ही पडद्याची वायर भलतीकडेच लावलेली! दादाने ती काढून कार्डात खोचली आणि पडदा उजळला. तिघंही लहान मुलांसारखे ओरडलो. खालच्या मजल्यावरच्या कृष्णराव काकांनी विचारलं, "काय झालं रे रघुवीर? मॅच आहे का?"

विक्रमने मग फोनवरून सांगितलं तसं कार्डाचं सॉफ्टवेअर टाकलं. गेम सुरू झाला आणि त्याने आपण होऊन चित्राच्या सगळ्या सेटिंग्ज वरच्या टोकाला नेऊन ठेवल्या. आजवर विक्रमच्या जुन्या कार्डाला झेपावं म्हणून सगळं तळाशी ठेवलेलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दादाने ट्रक बाहेर काढला आणि त्याचा वेग आपोआप कमी झाला. गवत हलत होतं. एकेक पातं वेगळं हलत होतं. पुढच्या टँकरच्या चकचकीत पाठीवर आमचा ट्रक दिसत होता, मागचे ढग दिसत होते, आणि आम्ही जवळ गेलो की ते प्रतिबिंब मोठं होत होतं. रस्त्यावर पाणी साचलेलं, त्यात विजेचे खांब उलटे. मी चहाचा कप हातात धरून उभी होते तशीच उभी राहिले. मला गेममधलं काही कळत नाही, पण मी हे बघत होते की उजेडाला कुठल्याच वस्तूचा विसर पडत नव्हता.

त्या टँकरच्या पाठीवर सूर्य मावळताना दादा इतका रंगून गेला की विसाव्याची जागा मागे सुटली. त्याच्या लक्षात आलं तेव्हा आकाश जांभळं झालं होतं.

"दादा, थांबव," मी सवयीने म्हटलं.

"थांबायला जागा नाहीये गं. घाट आहे."

त्याचे खांदे ताठ झाले. मी ते खांदे ओळखते. दिवेलागणीला दादा असाच आखडतो. पडद्यावर अंधार दाटला. त्याने चाचपडत एक बटण दाबलं आणि ट्रकचे दिवे लागले. समोरचा रस्ता पांढऱ्या रेघांसकट उजळला. कडेचे दगड, मैलाचा खांब, दिव्याच्या झोतात उडणारी धूळ. दोन दिव्यांच्या मधला सगळा रस्ता. माझा भाऊ रात्री गाडी चालवत होता, आणि आमच्या खिडकीतून दुपारचं ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं.

"देवू," तो अगदी हळू म्हणाला, "मला दिसतंय."

पडदा म्हणजे शेवटी दिवाच. त्यावरची रात्रही उजेडाचीच बनलेली. ज्या पेशी त्याच्या जाग्या होत्या, त्यांना ती रात्र पुरेशी होती. हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते.

घाटमाथ्यावर त्याने ट्रक कडेला घेतला. इंजिन बंद केलं. दिवे बंद केले. मग माउस हळूहळू पुढे सरकवत नजर वर नेली.

मी ते कसं सांगू! आकाश भरलेलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मधून दुधाचा पट्टा गेलेला, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे फाटलेला. लहान तारे, मोठे तारे, काही निळसर, एखादा तांबूस. डोंगराची काळी कड जिथे संपत होती तिथून लगेच तारे सुरू होत होते. दादाने माउस सोडून दिला. हात मांडीवर ठेवले. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि तो डोळ्यांची पापणी लववायलाही घाबरत असावा असं मला वाटलं.

खूप वेळाने त्याने विचारलं, "खरं असंच असतं?"

मी "हो" म्हणणार होते. पण इंदुरात राहून मी शेवटचं आकाश कधी पाहिलं? हल्ली वर बघितलं की राखाडी उजेड आणि चार-दोन ठिपके. "दादा, इतके मीही कधी पाहिले नाहीत," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. "मग आपण दोघं बरोबरच पाहतोय," म्हणाला, आणि त्याने वहिनींना हाक मारली.

वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या. मग पुढे येऊन त्यांनी पडद्याजवळ बोट नेलं. "अगंबाई, तिकांडं! हे तीन एका ओळीत आहेत ना, ते. आणि त्यांच्या खाली हा चमकतोय तो व्याध." त्यांचं बोट भराभर फिरू लागलं. वहिनींचं माहेर बागलीच्या पुढे एका खेड्यात. त्यांचे पूर्वज देवास दरबारी शिलेदार होते, त्यांना तिकडे जमीन मिळाली, आणि अजून भाऊ ती कसतो. त्यांना तारे माहीत असणार हे उघड होतं. पण मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एका ताऱ्याचं नाव ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी विक्रमला दादाने पहिला प्रश्न हाच विचारला की हे तारे मनाने मांडलेत की खरे आहेत.

"त्या गेममध्ये खरे आहेत, बाबा. मोजमापं घेऊन जागच्या जागी लावलेत. पण तुम्हाला आवडत असेल तर आकाश दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. गावाचं नाव आणि तारीख टाका, त्या दिवशीचं आकाश समोर येईल. नवीन कार्डावर मस्त चालेल."

दुसऱ्या दुपारी वहिनींनी स्वतःच खुर्ची ओढली. "माझं माहेर दाखवेल का हे?" दादाने बागली टाकलं, उन्हाळा टाकला, वहिनी लहान असतानाचं एक साल टाकलं. अंगणातून दिसावं तसं आकाश आलं.

"ही बघा म्हातारीची खाट," वहिनी म्हणाल्या. पुस्तकात ज्यांना सप्तर्षी म्हणतात ते. "हे चार खाटेचे पाय. आणि मागचे तीन चोर. म्हातारी झोपली की खाट ओढून न्यायला निघालेत. आम्ही अंगणात बाजेवर झोपायचो तेव्हा आजी सांगायची. चोर पोचायच्या आत सकाळ होते म्हणे, रोज."

दादा म्हणाला, "कमल, तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? तुमच्याबरोबर अंगणात उभं राहून मी एकटीनेच वर बघायचं? मला नाही आवडलं ते. लग्न झालं तशी मी वर बघायचंच सोडलं."

दादाने खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि माउस वहिनींच्या हातात दिला.

त्या आठवड्यात त्याने वर्गातही सांगून टाकलं. कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला होता, ये काम कहाँ आता है. दादाने फळ्यावर एक दिवा काढला, एक रस्ता काढला, त्यावर पडणाऱ्या किरणाचा कोन काढला आणि म्हणाला, "मुझे रात को दिखता नहीं है. बचपन से. इस गणित ने मुझे पहली बार रात दिखाई." अनुष्का नावाची एक मुलगी नंतर येऊन त्याच्या पाया पडली. मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते धावत आले. "सर, आपने बताया क्यों नहीं?"

"आपने पूछा ही कब?" दादा म्हणाला. दोघंही हसले, आणि मालकांनी त्याला पोहे-जलेबी खायला घातली.

महाशिवरात्रीच्या सुट्टीत वहिनींच्या माहेरी जायचं ठरलं. तोवर दुपारी दादाने ट्रक कमी चालवला आणि त्या रात्रीचं बागलीचं आकाश जास्त पाहिलं. मलाही ओढून नेलं. दादा संध्याकाळी परक्या गावात बाहेर बसायला कधी तयार नसायचा. जेवण झालं की आत जायचा, लोकांना वाटायचं जावईबापू शिष्ट आहेत. या खेपेला जेवणं उरकल्यावर त्याने स्वतःच वहिनींच्या भावाला, बंडूला, अंगणातला बल्ब बंद करायला सांगितलं.

बल्ब गेला आणि मला एकदम चार पावलांवरचं दिसेना. शिवरात्रीची चंद्राशिवायची रात्र. मग हळूहळू डोळे सरावले, आणि मी वर बघितलं, आणि मला खाली बसावं लागलं. पडद्यावर जे होतं ते सगळं होतं. पण इथे त्याला कड नव्हती. ते माझ्या मागेही होतं.

दादा अंगणाच्या मध्यभागी उभा होता. त्याला ती काळी भिंतच दिसत असणार. त्याने आधी विचारलं, "बंडू, दक्षिण कुठली?" बंडूने त्याला खांदे धरून वळवलं. मग दादाने हात उंच, जवळजवळ डोक्यावर नेला. "इथे मृग असेल."

बंडूने वर बघितलं. "हो, दाजी."

"त्याच्या पोटातल्या तिकांड्याच्या रेषेत खाली आलं की व्याध. इथे. चांगला ठळक."

"हो."

मग तो ईशान्येला वळला. आता त्याला कोणी वळवलं नाही. "खाट वर आली असेल. चोर अजून येतायत. शेवटचा तर झाडांमागेच असेल अजून."

खाट चिंचेच्या वर तिरपी उभी होती. दोन चोर मला दिसले. तिसरा दिसेना. बंडू अंगणाच्या कडेला जाऊन, टाचा उंचावून बघून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आहे. फांद्यांमध्ये आहे. दाजी, तुम्हाला कसं…?" घरातली माणसं एकेक करून बाहेर येऊन उभी राहिली होती. दारात बंडूची बायको, तिच्या कडेवर झोपेला आलेली लेक. बायको म्हणाली, "जीजाजी, वो तांबडा वाला कौन सा है?" आणि दादाने हात न थबकता मृगाच्या खांद्याकडे नेला आणि सांगायला लागला की तो तारा किती मोठा आहे, आपला सूर्य त्याच्यापुढे किती लहान, आणि आज त्याचा जो उजेड अंगणात पडतोय तो निघाला तेव्हा देवासचा दरबारही नव्हता आणि इंदूरही नव्हतं.

सगळे वर बघत होते. वहिनीही बघत होत्या, दादाच्या अगदी शेजारी उभ्या राहून, मान पूर्ण मागे टाकून. मी दादाकडे बघितलं तर तोही वरच बघत होता, डोळे सताड उघडे.

थंडी वाजायला लागली तसं बंडूने विचारलं, "दाजी, बल्ब लावू?"

"नको," दादा म्हणाला. "एवढ्यात नको."